होडीच्या मोटरीचा पेट्रोल पाइप कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलबद्दल आपल्या पेपरात वाचकांची पत्रं येत असतात, मी ती सगळी वाचतो. कोणाची स्कूटर मिसिंग करायला लागली, कोणाच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं, कोणी सरकारला बोल लावतो कोणी पंपवाल्याला. सगळी पत्रं चाकांवर चालणाऱ्या वस्तूंची. होडीच्या मागे जी मोटर लावतात, आउटबोर्ड, तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, आणि इथे गोव्यात तेरेखोलपासून तळपणपर्यंत धक्क्याधक्क्यावर त्याच मोटरींवर लोकांची चूल पेटते. म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कापायचं झालं तर सरकारबद्दलचं कापा, पाइपाबद्दलचं राहू द्या.

माझं म्हणणं एवढंच की पेट्रोल बदललं, ते आपल्याला परत बदलून मिळणार नाही, पण टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत जेवढं रबर आहे तेवढं सगळं बदलणं आपल्या हातात आहे, आणि ते बदलायला जो माल लागतो तो गोव्यात धड मिळत नाही, मिळतो तो चुकीचा मिळतो, आणि ज्यांनी याकडे बघायला पाहिजे ते लाइफ जॅकेट मोजण्याच्या पुढे जात नाहीत.

आधी थोडं मागचं. वीस टक्क्यांचं टार्गेट मुळात २०३० सालचं होतं, ते अलीकडे ओढून २०२५-२६ वर आणलं, ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूत ई-२० पेट्रोलची सुरुवात झाली आणि बघता बघता बहुतेक पंपांवर दुसरं काही मिळेनासं झालं. इथेनॉल नसलेलं पेट्रोलही पर्याय म्हणून ठेवा अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेलेली, ती १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली, तेव्हा तो विषय तूर्त मिटला. मी काही इथेनॉलच्या विरोधात नाही हां, उसाला भाव मिळतो, बाहेरून तेल कमी आणावं लागतं, असू दे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने जो खुलासा काढला त्यातच लिहिलेलं की काही जुन्या गाड्यांमध्ये वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी पार्ट आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, खर्च किरकोळ आहे, सर्व्हिसिंगला गाडी टाकाल तेव्हा होऊन जाईल. म्हणजे रबराला त्रास होतो हे त्यांनाही मान्य. आता होडीच्या मोटरीला कुठले किलोमीटर आणि कुठलं सर्व्हिस सेंटर? मोटर बिघडली की धक्क्यावरचा मेकॅनिक, तो नसला तर शेजारचा, तो पण नसला तर आपणच पाना घेऊन बसायचं.

बहुतेक आउटबोर्डच्या मॅन्युअलात इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. अमेरिकेत पंधरा टक्क्यांचं पेट्रोल आलं तेव्हा तिथल्या ईपीएने, म्हणजे पर्यावरण खात्याने, गाड्यांना परवानगी दिली पण बोटींना दिलीच नाही, तिकडे पंपावर त्या पेट्रोलला नारिंगी-निळं लेबल चिकटवतात आणि त्यात बोटीत घालू नका असं छापलेलं असतं. ते पंधराला. आपण वीस घालतो आणि लेबलबिबल काही नाही.

होतं काय ते सांगतो. इथेनॉल म्हणजे शेवटी स्पिरिटच. जुन्या मोटरींतले पाइप, ओ-रिंग म्हणजे सांध्यातली गोल रबरी कडी, पंपाचा पडदा, हे सगळं साध्या पेट्रोलचा विचार करून बनवलेलं. स्पिरिट लागलं की ते रबर आधी फुगतं, मऊ पडतं, आतला थर सुटायला लागतो, आणि मग मोटर महिना-दोन महिने सुकी पडली की तेच रबर कडक होऊन तडकतं. बाहेरून बघाल तर पाइप काळा कुळकुळीत, नवा वाटेल. आत बघायचं असेल तर पाइपाचं टोक इंचभर कापा, काडीला पांढरं फडकं गुंडाळून आत फिरवा, फडक्यावर काजळ आलं की समजायचं पाइप आतून विरघळतोय, आणि ते काजळ शेवटी कुठे जातं तर कार्बोरेटरच्या जेटात, ज्याचं भोक सुईएवढं. मग आपण जेट साफ करतो, मोटर चार दिवस चालते, परत बंद, परत जेट साफ, मेकॅनिक म्हणतो पेट्रोल खराब, पंपवाला म्हणतो मोटर खराब, आणि पाइप तसाच.

आणखी जुन्या मोटरी असतील, पन्नास-साठच्या दशकातल्या, तर त्यांच्या कार्बोरेटरातला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा, बुचाचा असतो आणि त्या बुचावर शेलॅकचा थर दिलेला असतो. शेलॅक म्हणजे आपला सुतारकामातला चपडा. कुठल्याही सुताराला विचारा चपडा कशात विरघळवतात, तो सांगेल स्पिरिटमध्ये, फर्निचरचं पॉलिश तसंच तर करतात. म्हणजे आता आपण त्या फ्लोटला रोज पॉलिश उतरवायच्या पाण्यात बुडवून ठेवतोय. थर गेला की बूच पेट्रोल पितं, जड होऊन खाली बसतं आणि कार्बोरेटर ओसंडून वाहायला लागतो. त्यावर सुपरग्लू नाहीतर इपॉक्सीचा नवा पातळ थर देतात, किंवा प्लास्टिकचा फ्लोट मिळाला तर उत्तमच. पण नुसता पाइप बदलून जुना बुचाचा फ्लोट तसाच ठेवला तर अर्धंच काम झालं, म्हणून मी सगळं रबर म्हणतो तेव्हा त्यात बूच पण धरा.

पाण्याची भानगड वेगळीच. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि गोव्यात जून-जुलैत हवेत दुसरं असतं काय. अर्धी भरलेली टाकी व्हरांड्यात पडून राहिली, हवेचं बूच उघडं राहिलं, की पाणी वाढत जातं आणि एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला जाऊन बसतं, वर राहतं पेट्रोल. टू-स्ट्रोक मोटरीचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, ते आता कुठे? वरच्या पेट्रोलमध्ये. आणि टाकीतला पाइप पेट्रोल कुठून ओढतो? तळातून. म्हणजे सुरू करायला पहिल्यांदा दोरी ओढली की मोटरीत जातं ते बिनऑइलचं. ज्याला खात्री करायची असेल त्याने पावसाळ्यानंतर टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढावं आणि उजेडात धरावं, मधे रेघ दिसली की ते सगळं फेकायचं, म्हणजे नदीत नाही हो, गॅरेजवाल्याकडे जुन्या ऑइलच्या पिंपात द्यायचं. काही लोक पेट्रोलमध्ये पाणी घालून हलवून इथेनॉल खाली पाडतात आणि वरचं पेट्रोल वापरतात, आमच्याकडे एकदोघं करतात, त्यांना मी तोंडावर सांगितलंय की हे धंदे घरात करू नका, आग लागली तर विमावाला पण हसेल, आणि इथेनॉल काढलं की पेट्रोलचा ऑक्टेन पण खाली येतो.

आता मुख्य गोष्ट, जी धक्क्यावरच्या चांगल्या चांगल्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही. लोक म्हणतात पाइप गळत नाही ना, मग चांगला आहे. पण आउटबोर्डमध्ये टाकीपासून मोटरीच्या पंपापर्यंतचा पाइप दाबाखाली नसतो, पंप पेट्रोल ओढून घेत असतो. तिथे चीर पडली तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. शहाळं पिताना स्ट्रॉला वर कुठे भोक असलं की पाणी कमी आणि हवा जास्त येते, तसंच. हवा आली की पेट्रोल कमी, पेट्रोल कमी म्हणजे टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पण कमी, कारण ऑइल त्याच पेट्रोलमधून येतं. मोटर गरम होते, आवाज जरा चढतो, पहिल्यांदा माणसाला वाटतं वा काय पळतेय, आणि मग पिस्टन धरतो, म्हणजे आतच अडकून बसतो. खाली एक थेंब सांडलेला नसतो. त्यामुळे कोणी पाइपावर संशय घेत नाही आणि पिस्टन, रिंग, बोअरिंग असा खर्च होऊन परत तोच पाइप जोडून मोटर पाण्यात जाते!

याची खूण ओळखायला सोपी आहे. मोटर धक्क्यावर एका दोरीत सुरू होते, छान चालते, दोन-तीन मिनिटांनी नदीच्या मधोमध बंद पडते, कारण तेवढ्या वेळापुरतं पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीत असतं, ते संपलं की मागून येत नाही. मग एकजण पाइपामधला रबरी बल्ब, म्हणजे पेट्रोल चढवायचा हातपंपासारखा फुगा, दाबत बसतो, दाबलं की चालते, सोडलं की मरते. मी अशी होडी बघितलीय ज्यात एक माणूस हँडलला आणि एक पोरगा खास बल्ब दाबायला, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, पोराला पगार पण त्याचाच. शापोऱ्याच्या तोंडाशी वाळूचा बार, म्हणजे पाण्याखालचा दांडा, आहे, आग्वादकडे मांडवीच्या तोंडाशी तेच, ओहोटी आणि लाट एकमेकांना भिडत असताना तिथे मोटर बंद पडली तर बल्ब दाबायला पोरगा शुद्धीवर असायला पाहिजे.

बल्ब स्वतः पण बोलतो. चालत्या मोटरीत बल्ब चपटा होऊन आत ओढला जात असेल तर अडचण टाकीच्या बाजूला, टाकीचं हवेचं बूच बंद असेल किंवा आतली जाळी भरली असेल किंवा पाइपाचा आतला थर सुटून झडपेसारखा आडवा आला असेल. कितीही दाबला तरी बल्ब कडक होत नसेल तर कुठेतरी हवा लागतेय नाहीतर बल्बातला व्हॉल्व्ह गेलाय. बल्बावर बाण असतो, तो मोटरीकडे पाहिजे, उलटा लावलेला बल्ब मी भल्याभल्यांच्या होडीत बघितलाय. आणि दाबताना बल्ब उभा धरायचा, बाणाचं टोक वर, आडवा धरून दाबलं की व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत.

आमच्या घरी पन्नासच्या दशकातली साडेपाच हॉर्सपावरची जॉन्सन आहे, पोर्तुगीज काळातली, तेव्हा पणजीत फॉरेनचा माल उघड मिळायचा आणि आजोबांना असल्या वस्तूंची हौस. तिला बल्बच नाही. त्या काळच्या जॉन्सन आणि एव्हिनरूड मोटरींना दुहेरी पाइप असायचा, दोन नळ्या एकमेकींना चिकटलेल्या, एका नळीतून मोटरीच्या क्रँककेसमधली, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतली, दाबाची हवा टाकीत जाते आणि त्या दाबाने दुसऱ्या नळीतून पेट्रोल मोटरीकडे येतं. मोटरीला पेट्रोल पंप नाही. टाकीच्या डोक्यावर एक बटन, ते दाबून दाबून पहिलं पेट्रोल चढवायचं. डोकं चालवलेलं आहे हे मानायलाच पाहिजे, पण आजच्या पेट्रोलला ही व्यवस्था सगळ्यात नाजूक, कारण वर सांगितलं त्याच्या बरोबर उलट इथे सगळं दाबाखाली आहे, चीर पडली की पेट्रोल पिचकारीसारखं बाहेर, आणि मोटर गरम. झाकण उघडताना पण हळू उघडायचं, आधी दाब सोडायचा.

ही मोटर गेल्या पावसात मी पूर्ण उघडली. जुना दुहेरी पाइप मोटरीच्या नळीवरून ओढून काढायचा मोह होतो, तो आवरायचा, कारण ती नळी सत्तर वर्षांची, ओढाताणीत मोडली तर मिळणार नाही. ब्लेडने पाइपाला लांबीत चीर द्यायची, पण पूर्ण खोल नाही, धातूला ब्लेड लागलं की तिथे ओरखडा पडतो आणि नवा पाइप त्या ओरखड्यातून गळतो. मग चीर बोटांनी उकलायची, शेंगेची साल काढतो तेवढ्या हळू. आमच्या पाइपाचं रबर बाहेरून लाकूड झालेलं आणि आतून च्युइंगगम, बोटाला चिकटलं ते केरोसिनने पण निघेना. नवा पाइप चढत नसेल तर टोक गरम पाण्यात बुडवायचं मिनिटभर, लायटर लावायचा नाही, साबण लावायचा नाही, टू-स्ट्रोक ऑइलचं एक बोट पुरतं. जुन्यासारखा चिकटलेला दुहेरी पाइप आता सहज मिळत नाही, म्हणून दोन वेगवेगळे पाइप घेऊन दर वीतभर अंतरावर एकमेकांना बांधले, आणि हवेच्या बाजूलाही पेट्रोलचाच पाइप घातला, कारण टाकीतली वाफ त्यात पण येते. टाकीच्या झाकणाचं गॅस्केट आणि बटनाखालचा पडदा पण बदलला, त्याशिवाय दाब राहतच नाही. काही लोक असल्या मोटरीला नवा पंप बसवून एकेरी पाइप करतात, करू दे, मोटर कामाची असेल तर ते शहाणपणाचं आहे, पण ते करताना क्रँककेसमधून टाकीला जाणारी हवेची वाट नीट बंद करावी लागते. मी नाही केलं, मला ती आहे तशीच पाहिजे. आणि हो, असल्या मोटरींना ऑइल २४ ला १, म्हणजे लिटरला साधारण ४२ मिली, नंतरच्या मोटरींचं ५० ला १ यांना घालायचं नाही, आणि ऑइल आउटबोर्डचं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं, स्कूटरचं नाही.

सगळ्यात डोकेदुखी झाली ती कनेक्टरची. पाइप जिथे मोटरीला टाकतो आणि काढतो तो तुकडा. यामाहाचा वेगळा, सुझुकीचा वेगळा, जॉन्सनचा वेगळा, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. आत एक स्प्रिंग असते, तिच्यापुढे झडप किंवा गोळी, आणि एक ओ-रिंग. ही ओ-रिंग बोटाच्या नखाएवढी, पण हवा लागण्याची पहिली जागा तीच. साध्या नायट्राइल रबराची जुनी ओ-रिंग या पेट्रोलमध्ये फुगते, कनेक्टर घट्ट बसायला लागतो, आपण जोर करून बसवतो, ती कापली जाते. व्हायटॉन नावाच्या दुसऱ्या जातीच्या रबराची ओ-रिंग टिकते. रंगावर जाऊ नका, तपकिरी-हिरवी म्हणजे व्हायटॉन असं दुकानदार सांगतात, काळी पण व्हायटॉन येते आणि रंगीत पण भलतीच येते, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचायचं. डुप्लिकेट कनेक्टर बसतो, खट्ट आवाज पण करतो, पण हाताने हलवून बघा, डुगडुगतो. तो हवा घेणार म्हणजे घेणार.

क्लिपबद्दल एकच, स्क्रूवाली जुबली क्लिप बारीक पाइपावर सगळीकडून सारखी आवळत नाही आणि तिच्या खाचा रबरात घुसतात, त्यापेक्षा सपाट पट्टीची छोटी क्लिप किंवा पक्कडीने कान दाबायची स्टेनलेस क्लिप घ्यावी. तार आवळणाऱ्यांना मी काही सांगत नाही.

आता दुकानं. म्हापशाला गेलो, पणजीला गेलो, वास्कोला ओळखीच्या माणसाकडून विचारून घेतलं. होडीच्या मोटरीचा पेट्रोल पाइप द्या म्हटलं की काउंटरवर काय येतं? एका ठिकाणी स्कूटरचा पारदर्शक पाइप. दुसऱ्या ठिकाणी तर सरळ गवंडी लेव्हल बघायला वापरतात तो पाइप, मीटरवर कापून. मी म्हटलं हा पाण्याचा आहे, तर दुकानदार म्हणतो, "पात्रांव (मालक), सगळे होडीवाले हाच नेतात, आजपर्यंत कोणी तक्रार घेऊन आला नाही." तक्रार कशी येणार, पेट्रोलने सहा महिन्यांत पिवळा पडून कडक होतो, तडकतो, तेव्हा माणूस परत येतो आणि परत तोच पाइप नेतो, दुकानदाराला गिऱ्हाइक पक्कं झालं. तो काही वाईट माणूस नाही, त्याला दुसरा पाइप असतो हेच कोणी सांगितलेलं नाही.

दुसरा पाइप असतो. बोटीच्या पेट्रोल पाइपावर अंगावरच छापलेलं असतं, आयएसओ ७८४० (बी जातीच्या पाइपावर आयएसओ ८४६९) किंवा एसएई जे१५२७, आणि पुढे ए१-१५, बी१-१५ असं काहीतरी. ए म्हणजे आगीत अडीच मिनिटं टिकायची टेस्ट पास झालेला, बी म्हणजे ती टेस्ट नसलेला. अक्षरापुढचा १ म्हणजे ज्याच्यात पेट्रोल कायम भरलेलं राहिलं तरी अंगातून कमी झिरपतं तो. पंधरा म्हणजे झिरपण्याची मर्यादा, चौरस मीटरला दिवसाला पंधरा ग्रॅम. उघड्या होडीत सुट्या टाकीला बी१-१५ चालतो, बंद जागेत इंजिन असेल तर ए१. माप मोटरीप्रमाणे, बारक्या मोटरीला पाव इंच, मधल्यांना ५/१६ म्हणजे आठ एमएम, मोठ्यांना ३/८. बारीक मोटरीला जाड पाइप घालून काही फायदा नाही आणि मोठ्या मोटरीला बारीक घातला तर ती उपाशी राहते. हे सगळं छापील आहे, गुपित नाही. पण मला तो पाइप शेवटी मुंबईहून मागवावा लागला, कुरिअरने. माझं ठीक आहे, माझी मोटर हौसेची. ज्याचं पोट मोटरीवर आहे तो संध्याकाळी पाइप फुटला तर पहाटे जाळं टाकायला जायच्या आधी काय मुंबईहून मागवणार? तो लेव्हल पाइपच घालणार, आणि मी त्याला दोष देणार नाही. केरोसिनवर मोटर चालवणाऱ्यांनी पण बिनधास्त राहू नये, सुरू करायला पेट्रोलच लागतं आणि ते त्याच पंपावरून येतं.

इथे सरकार येतं. मत्स्योद्योग खातं नवीन मोटर घ्यायला सबसिडी देतं, चांगली गोष्ट. त्याच योजनेत वर्षातून एकदा पाइप, बल्ब, दोन्ही कनेक्टर आणि ओ-रिंगांचा एक सेट द्यायला काय जातं? मोटरीच्या किमतीपुढे ते सुट्टे पैसे आहेत. सबसिडी नको असेल तर निदान मच्छीमार सोसायट्यांच्या दुकानात, जिथे जाळी आणि दोर मिळतात, तिथे हा छापील पाइप मीटरवर ठेवा, लोक स्वतःच्या पैशाने घेतील. आणि कॅप्टन ऑफ पोर्ट्सने, म्हणजे बंदर खात्याने, टुरिस्ट होड्यांची तपासणी करताना लाइफ जॅकेट मोजून झाल्यावर खाली वाकून एकदा पाइप पण बघावा. डॉल्फिन दाखवायला कोको बीचवरून, सिकेरीवरून, पाळोळ्यावरून ज्या होड्या सुटतात त्यांत टाकी पाहुण्यांच्या पायाशी असते, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर उडून जात नाही, होडीच्या तळाला साचते, आणि तिथेच बॅटरी. लेव्हल पाइप दिसला की होडी थांबवा, पाइप बदलून आण म्हणा, दंडबिंड नको. एक-दोन होड्या थांबल्या की म्हापशाच्या काउंटरवर योग्य पाइप आपोआप येईल, दुकानदाराला तेवढंच कारण लागतं.

वेळ पण हीच आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी, दहा हॉर्सपावरपर्यंतच्या मोटरवाल्या होड्यांना सूट असली तरी पावसात कितीतरी मोटरी काढून ठेवलेल्याच असतात. ठेवतानाच टाकी रिकामी करा, कार्बोरेटर सुका पडेपर्यंत मोटर चालवा, पाइप काढून घरात टांगून ठेवा, जमिनीवर टाकला तर उंदीर सोडत नाही, त्याला हे रबर का आवडतं देव जाणे. आणि बंदी उठायच्या आधी नवा पाइप घाला, बल्ब कडक होईपर्यंत दाबा आणि थोडा वेळ तसाच ठेवून बघा, मऊ पडला तर पाण्यात जाऊ नका, आधी हवा कुठे लागते ते शोधा.

संपादकसाहेब, आपल्या एखाद्या बातमीदाराला जुलैच्या शेवटी मालीमच्या नाहीतर शापोऱ्याच्या धक्क्यावर पाठवा, दहा होड्यांचे पाइप बघायला सांगा आणि फोटो छापा. माझं पत्र खात्यात कोणी वाचेल याची खात्री नाही, फोटो बघतील.

आपला,
एक वाचक, शिवोली, बार्देश